सोळाच्या पटीत

खोलीत सहा खुर्च्या होत्या आणि सहा यंत्रं. माणसं पाच, कारण दाराजवळचं यंत्र बिघडलेलं होतं आणि त्यावर चादर घातली होती. प्रत्येक यंत्राला एक पडदा, एक गोल फिरणारा पंप आणि दोन नळ्या: एक रक्त बाहेर आणणारी, दुसरी ते धुऊन झाल्यावर परत नेणारी. चौथ्या खुर्चीत तिचे वडील. त्यांच्या डाव्या हातात दोन सुया, अंगावर दोन पांघरुणं, पायांत तिचे लोकरी मोजे. भिंतीवर एक घड्याळ, कोपऱ्यात एक वजनकाटा, सिस्टर एकच. हे सगळं तिने सकाळी आल्याआल्या सवयीने मोजलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने ते पुन्हा मोजायला घेतलं तेव्हा यंत्रांपाशी येऊन तिचा आकडा दोनदा चुकला.

झालं होतं इतकंच, की वडिलांच्या यंत्राचा पडदा काळा झाला. पंप थांबला. नळीतलं रक्त, जे आत्तापर्यंत वाहतं आहे हेसुद्धा कळत नव्हतं इतकं एकसारखं वाहत होतं, ते थांबल्यावर एकाएकी रक्तासारखं दिसायला लागलं. नऊ सेकंद. मग एक बारीक टिंग वाजलं, पडदा उजळला, तेच आकडे परत आले, पंप फिरायला लागला. सिस्टरने जाता जाता एक बटण दाबलं आणि म्हणाली की कालच यात नवीन प्रोग्रॅम भरलाय ना, रुळेल हळूहळू. जसं काही यंत्र म्हणजे नवी सूनच.

वडिलांनी डोळे उघडले नाहीत. "दुसरं रीळ संपलं," ते म्हणाले.

तिने विचारलं, दुसरं म्हणजे?

"पहिलं तू चहाला गेलीस तेव्हा संपलं. दहा वाजून दहा. मला वाटलं तुला ठाऊक असेल. तुमच्याच कंपनीचं डबडं ना हे?"

एकतीस वर्षं त्यांनी थिएटरात प्रोजेक्टर चालवला होता. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात डोळ्याचं पातं लवेल न लवेल एवढ्यात एक ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची, दुसरा दिसला की झडप बदलायची. हजार माणसांतल्या नऊशे नव्व्याण्णवांना तो ठिपका कधीच दिसत नाही. वडिलांना तो झोपेतही दिसत असणार. तेव्हा यंत्र दहा वाजून दहाला मिटलं असं ते म्हणाले म्हणजे ते मिटलंच होतं, आणि डायलिसिसची आजची बैठक नऊ वाजून दहाला सुरू झाली होती. दर तासाला एकदा. योगायोगाने होणाऱ्या गोष्टीला ती फारशी घाबरत नसे. घड्याळ लावून होणाऱ्या गोष्टीला घाबरायची.

कारण तिसरी वेळ आली की काय होतं हे या खोलीत एकट्या तिला माहीत होतं. कंपनीत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला सुरक्षेच्या नियमांचा जाडजूड ग्रंथ वाचायला दिला होता, आणि त्यातला हा नियम तिला फार आवडलेला: एका बैठकीत यंत्र तीनदा आपोआप नव्याने सुरू झालं, तर त्याने स्वतःवरचा विश्वास सोडावा. परतीच्या नळीवरचा चिमटा मिटावा, पंप थांबवावा, आणि माणूस येऊन कुलूप काढेपर्यंत काहीही करू नये. तेव्हा तिला त्यात एक प्रकारचा शहाणपणा दिसला होता. आता तिला दिसत होतं की कुलूप लागेल तेव्हा वडिलांचं पाव लिटर रक्त यंत्रातच अडकलेलं असेल. ते परत आणायला यंत्राच्या पाठीमागे एक हँडल असतं, हाताने फिरवायचं. तिने वाकून पाहिलं. हँडल होतं, मूळच्या चिकटपट्टीसकट. ही पट्टी कोणी कधी सोडवलीच नव्हती. सिस्टरला विचारलं तर ती हसून म्हणाली की शिकताना एकदा फिरवलं होतं, त्याला झाली पाच वर्षं. आणि पाच माणसांत ती एकटी. नळीत थांबलेलं रक्त किती मिनिटांत गोठतं हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं, पण वडील ऐकत होते. मुळात त्यांच्या अंगात रक्त कमी. वर्षभरात किती महागाच्या सुया टोचून ते थोडंथोडं वाढवलेलं.

तर मग यंत्र बंदच करून पुन्हा चालू केलं तर? बैठक चालू असताना तसं करणं हीच तिसरी वेळ धरली जाते. वडिलांना आत्ताच सोडवलं तर? सिस्टर म्हणाली की डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि डॉक्टरांनी फोनवर शांतपणे सांगितलं की सकाळी ते साठ किलो पाचशे होते, त्यांना अठ्ठावन्नवर आणायचं आहे, अडीच किलो पाणी काढायचं तर चार तास हवेतच. गेल्या आठवड्यात बैठक लवकर संपवली तेव्हा आठशे ग्रॅम जास्त राहिलं होतं आणि रात्री काय झालं ते तुम्ही पाहिलंत. दुपारच्या तुकडीला सगळ्या खुर्च्या लागतात, आज परत बसवता येणार नाही. यंत्रात दोष आहे अशी खात्री असेल तर सांगा, मी एका मिनिटात सोडवते. नुसत्या शंकेवर मी पेशंटचे पावणेदोन तास कापणार नाही. यात डॉक्टरांचं काहीच चुकत नव्हतं. त्या रात्री वडील खिडकीपाशी खुर्चीत बसून होते, आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखं वाटायचं म्हणून, आणि ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून प्रत्येक श्वास आत जाताना होणारा तो बुडबुड्यांचा आवाज ऐकत होती. तेव्हा एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मध्ये तिची खात्री. ती तिच्यापाशी नव्हती.

तिने ऑफिसात फोन लावला. तिथे तिच्या वरिष्ठांना सगळे पाठीमागे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तसे ते कुणाच्याही प्रोग्रॅमशेजारी नुसते उभे राहिले की वाकडेपणा आपोआप दिसायला लागे. तिने त्यांना दर तासाचं सांगितलं. तासातासाला तर आपण सारांश काढतो, ते म्हणाले, दाबांची सरासरी वगैरे. प्रोग्रॅमचा तो तुकडा गेली अकरा वर्षं तसाच आहे, बदलला तो फक्त कंपायलर. आणि मग दोघांच्याही मनात एकाच वेळी तीच गोष्ट आली असावी, कारण ते म्हणाले, "दाराचं बघू या का?" आणि ती म्हणाली, "तेच म्हणत होते, सर."

दार म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती जागा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर, आणि कंपायलर काही गोष्टी न विचारता गृहीत धरतो. प्रोग्रॅमला कामापुरती जागा लागते, तिला स्टॅक म्हणतात: एकावर एक ठेवलेली चळत, फक्त ही वरून खाली वाढते. दारातून आत शिरताना ही चळत सोळाच्या पटीत उभी असेल असा करार आहे. यंत्राच्या स्मृतीतल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो; चळत जिथे येऊन थांबते त्या घराचा क्रमांक सोळाच्या पाढ्यातला हवा. यंत्राच्या पद्धतीने लिहिला तर त्याचा शेवटचा अंक शून्य हवा. एवढंच. जुना कंपायलर सारांशासाठी चार आकडे उचलायचे तर एकेक करून उचलायचा, त्याला चळत वाकडी असली तरी फरक पडत नसे. नवा कंपायलर हुशार. तो चारही एका घासात उचलतो, आणि तसं उचलायला चळत सरळ लागते; नसली तर प्रोसेसर साफ नकार देतो आणि सगळं कोसळतं. ती सरळ आहे की नाही हे आत शिरल्यावर कंपायलर तपासत नाही. आधीच्याने केलंच असेल असं धरून चालतो. प्रत्येकाने तपासायचं म्हटलं तर कामं कधी व्हायची? फक्त सगळ्यात पहिल्या दारापाशी, जिथे आधीचा कोणी नसतो, तिथे काही कंपायलर संशयी होतात आणि चळत स्वतः ओढून सरळ करून घेतात. पण ते दार त्यांना नावाने ओळखू यावं लागतं. यंत्राचं दार कुणा जुन्या माणसाने हाताने बांधलं होतं आणि त्याला स्वतःच्या आवडीचं नाव दिलं होतं. कंपायलरच्या लेखी ते घरातलं साधं मधलं दार. त्याने विश्वास ठेवला.

थिएटरच्या प्रोजेक्टर खोलीला लोखंडी जिना होता. त्याची शेवटची पायरी इतरांपेक्षा दोन बोटं बुटकी होती. खालून वर येणारा प्रत्येक नवा माणूस तिथे धडपडायचा, हातात रिळांचे डबे असले तर डब्यांसकट. वडिलांनी ती पायरी पांढरी रंगवली, तरी लोक पडत, कारण माणूस पायरीकडे बघून पाय टाकत नाही. आधीच्या अकरा पायऱ्यांनी त्याच्या पायाला वचन दिलेलं असतं. ती सहा वर्षांची असताना एकदा वर खोलीतच बसली होती आणि मदतनीस जिन्यात पडला, म्हणून वडील दाराकडे वळले, आणि त्यांचा ठिपका हुकला. पडदा पांढरा झाला. खालच्या अंधारात बसलेली सगळी माणसं त्या पांढऱ्या उजेडात एकदम दिसायला लागली, तोंडं वर करून ओरडणारी. तिला आवाज आठवत नाही. वडिलांचा चेहरा आठवतो, खिडकीतून आलेल्या त्या उजेडात खडूसारखा. आपले बाबा घाबरू शकतात हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून रिकाम्या पडद्याची भीती तिच्या अंगात कुठेतरी बसून आहे. काळा असो की पांढरा.

साडेअकरा वाजता फोन वाजला. ओळंबा सरांनी टेबलावरच्या चाचणीच्या सर्किट बोर्डात नवा प्रोग्रॅम चालवून दारापाशी थांबवला होता. "शून्य," ते म्हणाले. "शेवटचा अंक शून्य. दोनदा बघितलं. दार सरळ आहे ग. सारांशही बळेच काढून बघितला, काही पडत नाही. तू दुसरीकडे शोध."

तिने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की हायसं वाटायला हवं होतं. शून्य आला म्हणजे तिने केलेली तपासणी बरोबर होती, नव्या कंपायलरला तिने दिलेला होकार बरोबर होता, महिनाभर खपून तिने चालवलेले सगळे प्रयोग बरोबर होते. आणि चाळीस मिनिटांनी पडदा काळा होणार होता. कारण कळलेलं असलं तर भीतीला निदान बसायला जागा असते. आता ती खोलीभर झाली. पंपाचा घुर्र आवाज तिला सारखा बदलल्यासारखा वाटू लागला. शेजारच्या खुर्चीतल्या बाई पेपरातलं कोडं सोडवत होत्या. तिने त्यांच्या पडद्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या, मग आणखी पलीकडच्या. ती सगळी यंत्रं अकरा वाजून दहाला शांत होती. कालच सगळ्यांत तोच प्रोग्रॅम भरला होता. मग हेच का?

"थंडी वाजतेय का?" तिने वडिलांना विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून.

"नाही ग. तू ते पाणी कोमट करून घेतलंस तेव्हापासून नाही वाजत. नाहीतर आधी फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं व्हायचं. लिंबाच्या फोडीसारखं." ते हसले. "बाकीच्यांना सांगू नकोस हं, सगळे मागतील."

तिचे डोळे पडद्यावर गेले आणि तिथेच राहिले. दहा दिवसांपूर्वी तिनेच सिस्टरला विनवून चौथ्या खुर्चीसाठी पाण्याचं तापमान वेगळं लावून घेतलं होतं. ती एक जादाची सेटिंग. यंत्र सुरू होताना त्या पेशंटच्या सगळ्या सेटिंग्ज एकामागून एक चळतीवर ठेवल्या जातात आणि मग दार उघडतं. प्रत्येक सेटिंग आठ घरं घेते. तिने पडद्यावरची यादी बोटाने मोजली. पंधरा. पुन्हा मोजली, खालून वर. पंधरा. उठून कोडं सोडवणाऱ्या बाईंच्या पडद्याशी गेली, आणि त्या "काय ग, काय झालं?" म्हणेपर्यंत मोजून झालं होतं: चौदा. पलीकडे चौदा. सगळीकडे चौदा. ऑफिसातल्या टेबलावर चौदा, महिनाभराच्या तपासणीत प्रत्येक प्रयोगात चौदा, कारण कारखान्यातून चौदाच येतात आणि पंधरावी घालून बघावी असं तिला सुचलं नव्हतं. चौदा आठे एकशे बारा, सोळाच्या पाढ्यात बसतात. पंधरा आठे एकशेवीस.

तिने फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका सपाट होता की सरांनी दोनदा विचारलं तू ठीक आहेस ना. मग ते म्हणाले की कागदावर हे पटतं, पण कागदावर तर दार सरळसुद्धा होतं. थांब, घालून बघतो. बोर्ड नव्याने सुरू करायला दहाएक मिनिटं लागतील. आणि ऐक, खरंच तसं निघालं तर सोप्पं आहे, सोळावी एक रिकामी सेटिंग घालून देऊ, सम होईल, संध्याकाळपर्यंत सगळीकडे... तिने त्यांना मध्येच तोडलं. असं तिने कधी केलं नव्हतं. रिकामी सेटिंग म्हणजे वाकड्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी, उद्या कुणाला सतरावी लागेल तेव्हा पुन्हा तेच, दारच सरळ करायला हवं, असं ती भराभर बोलत गेली. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "माझीच मती फिरली. फोन चालू ठेव."

तिने फोन कानाला धरून ठेवला. त्यात दूरवर कीबोर्डची बटणं दाबल्याचा आवाज, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा. घड्याळात बाराला सतरा मिनिटं कमी. वडिलांच्या हाताला तिने बोटं लावली. जिथे शीर आणि धमनी एकमेकींना जोडलेल्या होत्या तिथे कातडीखाली सतत एक घरघर असते, मांजर कुशीत घेतल्यासारखी, आणि ती घरघर आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं सिस्टरने त्यांना शिकवलं होतं. घरघर होती. तिच्या मनात आलं की आठ यावा. लगेच दुसरं मन म्हणालं, आठ आला तर पाणी अंगात राहणार आणि रात्री ती खिडकी. शून्य यावा म्हटलं तर बारा वाजून दहा. आपण नक्की कशाची वाट बघतोय हे तिला ठरवता येईना, आणि वडिलांचा अंगठा तिच्या मनगटावर हलकेच फिरत होता, लहानपणी ताप आला की फिरायचा तसा.

"चिमे," ते म्हणाले, डोळे मिटूनच, "ठिपका दिसला का तुला?"

"बघतेय बाबा."

"तेवढं पुरे. हुकला म्हणून कुणी मेलं नाही त्या दिवशी. शिट्ट्या मारल्या नुसत्या."

म्हणजे त्यांनाही तोच दिवस आठवत होता, किंवा तिच्या बोटांतून त्यांच्यापर्यंत पोचला होता. बाराला आठ मिनिटं कमी असताना फोनमध्ये सरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. त्यांनी आधी पूर्ण क्रमांक वाचला, एकेक अंक सुटा, घाई न करता, आणि शेवटच्या अंकाआधी ते श्वास घ्यायला थांबले.

"आठ."

मग ते म्हणाले, "सारांशही काढला. पडला. काढ त्यांना तिथून. डॉक्टरांशी मी बोलतो हवं तर."

डॉक्टरांनी खरंच एका मिनिटात सांगितलं. सिस्टरने नळीला सलाईन जोडलं, आणि तांबड्या नळ्या हळूहळू गुलाबी होत गेल्या, मग पाण्यासारख्या. ते बघताना पंप अजून यंत्राच्याच हातात आहे हा विचार तिला सोडत नव्हता. तिने घड्याळाकडे पाठ केली आणि पुन्हा वळून पाहिलं. बारा वाजून चार मिनिटांनी दुसरी सुई निघाली. सिस्टरने दोन्ही जागी कापसाचे बोळे ठेवून तिची बोटं त्यांवर दाबून दिली, दहा मिनिटं, जोर कमी करायचा नाही, आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीकडे धावली. तिसरी वेळ येते का ते बघायला यंत्र सिस्टरने तिच्या सांगण्यावरून तसंच चालू ठेवलं होतं, दोन नळ्यांची टोकं एकमेकांना जोडून, आत नुसतं मिठाचं पाणी. ते गोल गोल फिरत राहिलं. तिच्या बोटांखाली घरघर चालू होती, आणि तिला एकाच वेळी दोन भीती वाटत होत्या: आपण जास्त दाबतोय, आणि आपण कमी दाबतोय.

बारा वाजून दहाला पडदा काळा झाला. पंप थांबला. नऊ सेकंदांनी टिंग वाजलं नाही. पडदा लाल झाला, परतीच्या नळीवरचा चिमटा खट्कन मिटला, आणि मग एक लांब, न थांबणारा आवाज सुरू झाला, ज्याने पाचही खुर्च्यांतल्या माना वळल्या. कोडं सोडवणाऱ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. सिस्टर खोलीच्या मधोमध उभी राहून यंत्राच्या पाठीमागच्या हँडलकडे बघत होती. तिला आवाज बंद कसा करायचा हे माहीत होतं, पण तिने तो लगेच बंद केला नाही.

सव्वाबाराला बोळे निघाले, पट्ट्या लागल्या. फोनवर ओळंबा सर विचारत होते की पंधरा सेटिंग्जची यंत्रं आणखी कुठे कुठे असतील, आणि ती जितकी नावं आठवतील तितकी सांगत होती. डॉक्टरांचा निरोप आला होता की उद्या एखादी खुर्ची मोकळी झाली तर कळवतील, तोवर पाणी अगदी बेतानं प्या आणि उशा उंच घ्या. वडिलांनी पांघरुणं बाजूला केली, तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेले. काट्यावर चढताना त्यांनी आधी खाली वाकून पायरीची उंची बघितली. सिस्टरने त्यांना हात सोडायला सांगितला. गेल्या आठवड्यात इथे अठ्ठावन्न किलो आठशे आले होते; आता आकडे थोडे वरखाली झाले आणि स्थिर झाले.

अठ्ठावन्न किलो नऊशे ग्रॅम.